बसच्या पॅकपुढची खूण

माझं सगळं माझ्या दोस्ताला, इंगळेला ठाऊक आहे. पहिल्या कंपनीनं मला काढून टाकलं अन् घरी मी "मीच सोडली" असं छाती काढून सांगितलं — ते त्याला ठाऊक. लग्नाआधी एका पोरीच्या घरासमोरून उगाच मोटारसायकल फिरवायचो अन् एक दिवस तिच्या बापानं मला आत बोलावून चहा पाजून परत पाठवलं — तेही ठाऊक. फक्त ही एक गोष्ट त्याला ठाऊक नाय. आईला नाय. अन् जिला सगळ्यात आधी ठाऊक असायला पायजे होती, तिला तर नायच नाय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही उद्या माझ्या दारात येऊन तिच्यासमोर बसणार नाय. म्हणजे सांगतानासुद्धा मी सोयीची जागा बघूनच सांगतोय. असो.

गोष्ट एका गेमची आहे. हसा, हसा. मीसुद्धा लई दिवस ती हसण्यावारी नेली. मनाला म्हणलं, गेमच होता ना? कुणाचा गळा कापला का आपण? मग घशाखाली का उतरत नाय? जेवताना मधेच का आठवतं?

मी वाळूजच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत टाइम ऑफिसला आहे. माझं मुख्य काम म्हणजे शिफ्टच्या बसा. कोणती बस कुठून निघणार, कुठल्या नाक्यावर कुणाला घेणार, कुणाचा थांबा बंद करायचा, हे सगळं माझ्याकडं. आम्ही राहतो बजाजनगरात. दोन खोल्या अन् वर गच्ची. बायको कांचन, माहेर फुलंब्रीचं. भूगोल घेऊन बी.ए. झालेली आहे, अन् ते तिनं रोज फुलंब्रीहून एसटीनं शहरात ये-जा करून केलेलं आहे. ओवी, आमची पोरगी, तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती.

कंपनीनं जुने कंप्युटर काढले तेव्हा त्यातला एक मी घरी आणला. इंगळेनं — तो आमच्या मेंटेनन्सला आहे — त्यात काय काय घालून तो गेम खेळण्याजोगा केला, अन् शहर वसवायचा गेमही त्यानंच लावून दिला. रिकामी जमीन देतात तुम्हाला. नदी असते, थोडी टेकाडं असतात. तुम्ही रस्ते आखायचे, पाणी न्यायचं, वीज न्यायची, मग लोक आपोआप येऊन घरं बांधतात. अन् नाय जमलं की निघूनही जातात. आपल्याकडं नाय जात बिचारे, राहतात तसेच पाण्याचे ड्रम भरून ठेवत. गेममधले मात्र जातात.

मला लई नाद लागला. कंपनीत दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, अन् घरी येऊन आपणच आपल्या गावचे कलेक्टर. कांचन सुरुवातीला टोमणे मारायची. "घरातला बल्ब बदलायला सांगितलाय पंधरा दिवस झाले, अन् निघाले शहराला दिवे लावायला!" मग एकदा मीच तिला ओढून बसवलं. शिकवायला. खरं सांगू का? शिकवायला नाय, दाखवायला. बघ, तुझ्या नवऱ्याला किती येतं. ती शेजारी स्टुलावर बसली, गालाला हात लावून, अन् थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, सगळी घरं एका रस्त्यावर, अन् सगळे कारखाने त्याच रस्त्याच्या शेवटी. मग गर्दी नाय होणार तर काय होणार?" मी म्हणलं, तुला नाय कळत, हे मोठ्या शहराचं असतं. पण खुर्ची दिली तिला.

माझी सेकंड शिफ्ट असली की दुपार तिची असायची. ओवी झोपली की ती बसायची. तिनं आपलं वेगळं शहर सुरू केलं. नाव दिलं, नवी फुलंब्री. माझ्या शहराचं नाव वाळूज टू. नावातच बघा कुणाला किती कल्पना होती ते.

आता त्या दिवाळीचं सांगतो, कारण सगळं तिथनंच सुरू झालं. अन् लई गोड दिवस होते हो ते. म्हणूनच तर...

नुसता गेम म्हणजे साधी भाकरी. वरचं कालवण कंपनी वेगळं विकते. त्याला एक्सपान्शन म्हणतात, आम्ही घरात पॅक म्हणायचो. एक कारखान्यांचा पॅक, एक बागांचा, एक बसचा, एक विमानतळांचा, एक बर्फाचा, अन् एक संकटांचा, म्हणजे भूकंप, पूर, आगी. ते सगळे मिळून मूळ गेमपेक्षा महाग. पण दिवाळीत सेल लागला, अन् माझा बोनस आला होता. कांचनचा हिशेब साधा होता — ओवीचे कपडे, आईची साडी, घरात जे लागतंय ते, अन् मग उरलं तर पॅक. दोनच घ्यायचे ठरले.

अन् मग आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नाय. कोणते दोन? मी अभ्यास सुरू केला. परदेशातले लोक तासतासभर बोलतात ह्या पॅकांवर, त्यांचे व्हिडिओ मी जेवणाच्या सुट्टीत डबा खात बघायचो. कुणी म्हणायचं, विमानतळ घ्याच. कुणी म्हणायचं, बागा घेतल्या नाय तर जन्म फुकट. घरी येऊन मी कांचनला एकेक सांगायचो, ती भाकरी थापता थापता ऐकायची. बर्फाचा पॅक सांगितला तर म्हणाली, "इथं मे महिन्यात अंगाची लाही होते, अन् तुम्ही गेममध्ये शेकोट्या पेटवत बसा." संकटांचा सांगितला तर हात जोडले तिनं. "बाबा रे, ते पैसे देऊन कोण घेतं? फुकट येतात की."

मग तिनं विचारलं, "ह्यातलं काय नसलं तर आपलं अडतंय?"

मला हे सुचलंच नव्हतं. कारण मी काय बघत होतो? काय भारी दिसतंय, कशावर जास्ती सूट आहे. ती म्हणाली, साड्यांच्या सेलमध्ये जाऊन जाऊन तिला एक कळलंय — स्वस्त झालंय म्हणून घेतलेलं कपाटात पडून राहतं, ज्याच्यावाचून अडतंय ते घ्यावं. अन् तिचं बसवाचून अडत होतं.

मी सांगितलं, बसा मूळ गेममध्ये आहेतच की. ती म्हणाली, "आहेत, पण नुसत्या गोल फिरतात. एका बसमधून उतरून दुसरीत बसायची जागा नाय त्यात. माणसाला एकाच बसनं सगळीकडं थोडंच जायचं असतं?" त्या बसच्या पॅकमध्ये मोठं स्टँड होतं, जिथं चार मार्ग एकत्र येतात अन् लोक गाडी बदलतात. कॉलेजची तीन वर्षं तिनं तेच केलं होतं. फुलंब्रीची गाडी, मग स्टँड, मग शहरातली बस. एक चुकली की पहिला तास गेला. तिला ते तळहातावरच्या रेषांसारखं पाठ होतं.

मी मोठ्या मनाचा! म्हणलं, घे बाई, तुझ्या समाधानाला एक बसचा घेऊ. अन् दुसरा माझा, कारखान्यांचा. दोन्ही आणले. त्या दिवशी तिनं कंप्युटरला हळदीकुंकू लावलं. दिवाळीच होती, वह्यांना लावतात तसं. इतकं चांगलं चाललं होतं.

इथं थांबतो जरा. पुढचं सांगायचं तर आधी पोटातलं दुखणं सांगावं लागेल.

माझं शहर बुडालं. कारखान्यांचा पॅक घेतल्यावर मी कारखाने काढत सुटलो, अन् ट्रकांची रांग अशी लागली की शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते दिवे. माणसं कामाला पोचेनात. कारखाने बंद पडायला लागले. अन् नवी फुलंब्री? वाढत होती. तिनं चार नाक्यांवर चार छोटी स्टँडं केली, मधे एक मोठं, अन् बसा अशा लावल्या की कुणाला दोनदापेक्षा जास्ती गाडी बदलावी लागू नये. थांब्यांना नावं दिली होती तिनं. आपल्या मैत्रिणींची, शाळेतल्या बाईंची, माहेरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची. मंदाचा थांबा. राऊत बाई चौक. मी बघायचो अन् म्हणायचो, "छान आहे." दात दाबून.

एक दिवस इंगळे जेवायला आला. माझं शहर बघायला त्याला दोन मिनिटं पुरली. कांचनच्या शहरापुढं मात्र तो ताट हातात घेऊन बसला, वरण गार झालं तरी उठेना. "वहिनी, ही बस इथं का वळवली? अच्छा, अच्छा... क्या बात है!" अन् मग माझ्याकडं वळून, तोंडात घास तसाच — "संतोष, लेका, तू घरी बस अन् वहिनींना पाठव टाइम ऑफिसला. तुझी बस आम्हाला वाळूजला आणायच्या आधी दौलताबादचा किल्ला दाखवून आणते!"

कांचन हसली. तोंडावर ओढणी धरून, पण हसली. मीही हसलो. काय करणार?

इंगळे मनाचा साफ, पण तोंडाचा फाटका. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग काय, चालू झालं. बस उशिरा आली की — "अरे, वहिनींना विचारून लावली नाय का आज?" थांबा बदलला की — "वहिनींची सही आहे का ह्याच्यावर?" पोरं गमतीनंच म्हणायची. पण त्याच सुमारास एकदा बिडकीनकडची बस खरंच उशिरा आली, फर्स्ट शिफ्टची माणसं गेटबाहेर राहिली, अन् त्यांचा अर्धा दिवस कापला गेला. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. अन् झापून झाल्यावर, फायली आवरता आवरता, त्यांच्याही कानावर गेलेलं असणार — म्हणाले, "घरी कुणाला विचारायचं असेल तर विचारा, पण बस वेळेवर आणा."

पायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर काढता येत नाय, इंगळेवर काढली तर सगळ्यांना कळणार की लागलं म्हणून. मग राहिलं कोण? जिचा काडीचा संबंध नाय, ती. हे आपल्याकडच्या पुरुषांना बरोबर जमतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा दिवस होता. पाणी यायच्या दिवशी आमच्या गल्लीत कुणाला कुणाचं भान नसतं. कांचन खाली नळावर, मोटर, पाइप, ड्रम, शेजारणीशी भांडण. ओवी पाण्यात खेळत होती. मी वर एकटा, कंप्युटर चालू करून बसलेलो. माझ्या बुडलेल्या शहराकडं बघवेना. गेम सुरू व्हायच्या आधी एक पान येतं, त्यावर तुम्ही घेतलेले सगळे पॅक दिसतात, अन् प्रत्येकापुढं एक छोटा चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. खूण काढली की तो पॅक बंद. अन् ज्या शहरात तो पॅक वापरलाय, ते शहर मग उघडत नाय. नाव फिकट होतं त्याचं. बाजूला लाल चिन्ह येतं.

बसच्या पॅकपुढची खूण मी काढली.

बघा — एवढंच. बोट दाबायला लागतो तेवढा वेळ. खालून तिचा आवाज येत होता, "अहो, टाकी भरली का बघा हो वरून!" अन् मी उत्तर दिलं, "बघतो!" उठून टाकी बघितलीसुद्धा.

दुपारी मी कामाला गेलो. परत आलो तेव्हा ती जागी होती, कंप्युटरसमोर. तिचं शहर उघडत नव्हतं. मला वाटलं होतं — काय वाटलं होतं मला? की ती ओरडेल, मी सांगेन की अगं गंमत केली, अन् खूण परत लावीन? शप्पथ, घरी येताना बसमध्ये मी तेच ठरवत होतो. पण ती ओरडली नाय. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हीच बघा. तुम्हाला कळतं ह्यातलं."

तुम्हाला कळतं. लई दिवसांनी हे ऐकलं मी.

मी खुर्चीवर बसलो. इकडं तिकडं दाबल्यासारखं केलं. डॉक्टर नाडी बघतात तसा चेहरा केला. अन् मग विचारलं, "काल बंद कसा केलास? थेट बटण दाबलंस का?"

तिनं दाबलं होतं. दूध उतू चाललं होतं म्हणून पळत गेली होती अन् जाता जाता थेट बटण दाबून बंद केला होता. मला ते ठाऊक होतं, मी तिथंच होतो. म्हणून तर तेच विचारलं. बाकी मी तोंडानं एकही खोटा शब्द बोललो नाय, बरं का. कित्येक वर्षं मी मनाला हेच सांगत आलो, की मी नुसता एक प्रश्न विचारला. केवढा सभ्य माणूस!

ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या हातानं गेलं." अन् मी "असू दे" म्हणलं. मन मोठं करून. तिला माफ केलं मी!

ती रडली नाय. तिनं ओढणीनं कळफलक पुसला, उगाच, अन् वर कापड टाकलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणलं, नवं कर की सुरू, त्यात काय. ती म्हणाली, नको, परत काहीतरी व्हायचं. ती नाय करणार हे मला माहीत होतं, म्हणून तर म्हणलं. केलं असतं तर तिला दिसलं असतं ना, की बसचा पॅकच बंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात माणूस करून जातो. मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. पण अजून एक आहे. अन् खरं तर तेच सांगायला बसलोय. इतका वेळ जे सांगितलं, ते त्यामानानं काहीच नाय.

तिच्या भावाला पोरगा झाला. बारशाला ती ओवीला घेऊन फुलंब्रीला गेली. मला सुट्टी होती, पण मी काहीतरी कारण काढून मागं राहिलो. भर दुपार. घरात पंखा अन् मी. मी कंप्युटरवरचं कापड काढलं, ते पान उघडलं, अन् बसच्या पॅकपुढं खूण लावली. नवी फुलंब्री लगेच उघडली. जशीच्या तशी. तिनं जिथं सोडली होती तिथनं चालू — बसा निघाल्या, माणसं थांब्यावर उभी, गाड्या बदलतायत. कुठं काही बिघडलं नव्हतं. इतके महिने ते शहर नुसतं वाट बघत बसलं होतं.

मी तिच्या बसांचे मार्ग बघत गेलो. प्रत्येक मार्गाला तिनं नाव दिलं होतं. शाळेची बस. बाजारची बस. माहेरची बस. अन् एक, सगळ्यात लांबची, घरांपासून थेट कारखान्यांपर्यंत, मधे कुठं न थांबता — तिचं नाव होतं "ह्यांची बस". शहरातली सगळ्यात चांगली गाडी लावली होती तिनं त्या मार्गावर. रस्त्यावर बसांपुरती वेगळी पट्टी आखली होती, म्हणजे ट्रकांमध्ये अडकू नये. म्हणजे ह्यांना उशीर होऊ नये. ह्यांना कुणी बोलू नये.

रडलो मी. खरंच रडलो, एकटा, खुर्चीत. तुम्हाला वाटेल, मग तो उठला असेल, फुलंब्रीची गाडी पकडली असेल, बारशाच्या घरात जाऊन बायकोला बाजूला घेऊन... मला पण वाटलं होतं.

मी डोळे पुसले, गेम नीट बंद केला, परत ते पान उघडलं, अन् खूण परत काढली.

का? त्या दिवशी राग नव्हता. साहेब बोलले नव्हते, इंगळे हसला नव्हता. एकच होतं — शहर उघडलं असतं तर "कसं काय उघडलं?" ह्याला उत्तर द्यावं लागलं असतं. "दुरुस्त झालं" म्हणता आलं असतं की हो! तेवढं खोटं मला सहज जमलं असतं, अन् तिला तिचं शहर मिळालं असतं. तेसुद्धा नाय केलं मी. का नाय केलं ते आज सांगतो. शहर गेल्यापासून घरात कंप्युटरचं कळणारा परत मी एकटा होतो. रिचार्ज असो, लाइटबिल असो, ओवीच्या शाळेचा फॉर्म असो, ती हाक मारायची, "अहो, तुम्ही करा, माझ्यानं बिघडेल." अन् मला ते आवडायला लागलं होतं. बायकोच्या भीतीची सवय लागली होती मला. चहासारखी.

पुढं तो कंप्युटर आम्ही बदलून टाकला. द्यायच्या आधी मीच सगळं पुसलं. नवी फुलंब्री त्यात गेली. कांचन शेजारी उभी होती, म्हणाली, "माझ्या शहराचं काही नसेल ना राहिलेलं त्याच्यात?" मी म्हणलं, ते तर कधीच गेलं होतं.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. गेम गेला, गेला. पण तिची कॉलेजची मैत्रीण मंदा — तीच, थांब्याची — शहरात एका खाजगी ऑफिसात लागली होती. रस्ते, पाइपलाइन, असल्या कामांचे नकाशे कंप्युटरवर काढून देतात ते लोक. त्यांना बाई पायजे होती, भूगोल झालेली. शिकवणार तेच होते. मंदा घरी आली, मला समोर बसवून म्हणाली, "भाऊजी, कांचनला पाठवा. आमच्या वर्गात नकाशा सगळ्यात छान कुणाचा असायचा विचारा हिला." मी कांचनकडं बघितलं. एक क्षण — मी खोटं बोलत नाय — तिचा चेहरा तसा झाला होता, बसचा पॅक आणला त्या दिवशी होता तसा.

अन् मग ती म्हणाली, "नको गं. कागदावर सांग, काढून देते. कंप्युटरला माझा हात लागला की बिघडतंच काहीतरी. ह्यांना विचार."

मंदानं मला विचारलं. माझ्या हातात चहाचा कप होता. मी काय म्हणायचं होतं ते मला स्वच्छ माहीत होतं. मूठभर शब्द. मी म्हणलं, "बघा बुवा, तिची मर्जी. मी कधी अडवलं नाय तिला." अन् चहा पीत राहिलो. मंदाला वाटलं, केवढा समजूतदार नवरा. जाताना तसं बोलूनही गेली.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. कांचन अजून शिवणकाम करते घरी, बरं करते. तक्रार कधीच केली नाय तिनं. करणार कशाची? तिच्या लेखी ते सगळं तिच्याच हातानं गेलंय.

आता गेल्या आठवड्यातलं. ओवी मोठी झालीय, शाळेत त्यांना आपल्या जिल्ह्याचा नकाशा कंप्युटरवर करून आणायला सांगितला होता. माझा लॅपटॉप घेऊन बसली होती, मी शेजारी. कांचन स्वयंपाकघरातून हात पुसत आली, मागं उभं राहून बघायला लागली. ओवीनं फुलंब्री भलतीकडंच दाखवली होती, पार पैठणच्या बाजूला. कांचनला राहवलं नाय. "अगं, वर, वर, पैठणच्या रस्त्याला नाय, हा बघ..." असं म्हणत तिनं हात पुढं केला. माऊसपर्यंत पोचलासुद्धा.

ओवी ओरडली, "आई, तू नको ना हात लावू! तू बिघडवतेस सगळं. पप्पा, सांगा ना तिला!"

कांचननं हात झटकन मागं घेतला. पाठीमागं धरला, पोरीसारखा, अन् हसली. "व्हय व्हय, मी नाय लावत बाई." हे पोरीला मी कधी शिकवलं नाय. तिनं ह्याच घरात ऐकत ऐकत उचललंय.

दोघी माझ्याकडं बघत होत्या.

मी लॅपटॉप माझ्याकडं ओढला अन् ओवीला म्हणलं, "थांब, मी दाखवतो."